घटनेच्या स्रोतांचा तक्ता शिकवणाऱ्यांस खुले पत्र : एक तासिका जॉन बिंगहॅम यांच्यासाठी

प्रति,
राज्यघटना शिकवणारे प्राध्यापक, विधी महाविद्यालयांची अभ्यास मंडळे आणि संविधान दिनाचे कार्यक्रम आखणाऱ्या महाराष्ट्रातील संस्था यांस,

सविनय नमस्कार.

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या टिपणांत राज्यघटनेच्या स्रोतांचा एक तक्ता हमखास असतो. संसदीय पद्धत ब्रिटनकडून, मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडकडून, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, असा तो तक्ता विद्यार्थी पाठ करतात, एका गुणाचा प्रश्न सोडवतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. तक्ता खोटा नाही, पण तो काहीच सांगत नाही. उलट ‘आपली घटना उसनी आहे’ असे नाक मुरडून म्हणणाऱ्यांच्या हाती तो आयता पुरावा देतो. अमेरिकेकडून म्हणजे नेमके कोणाकडून, कोणत्या अडचणीतून निघालेले शब्द आपण घेतले आणि घेताना त्यांत काय बदलले, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात. अनुच्छेद १४ च्या उत्तरार्धापुरते, म्हणजे ‘कायद्याचे समान संरक्षण’ या शब्दांपुरते, त्यांचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील वकील आणि काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य जॉन आर्मर बिंगहॅम हा तो माणूस. त्यांच्यासाठी आपण वर्षातून एक तासिका राखून ठेवावी, एवढीच या पत्राची विनंती आहे.

बिंगहॅम यांना त्यांच्या स्वतःच्या देशानेही फारसे लक्षात ठेवलेले नाही. ओहायोतील कॅडिझ हे त्यांचे गाव. तेथील न्यायालयासमोर त्यांचा पुतळा आहे, मात्र गावाची ख्याती चित्रपट अभिनेता क्लार्क गेबल याचे जन्मस्थान म्हणून अधिक आहे. १९४७ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी एका भिन्नमत निकालपत्रात बिंगहॅम यांना अमेरिकन घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीच्या, म्हणजे समान संरक्षणाचे शब्द जिच्यात आहेत तिच्या, पहिल्या कलमाचे मॅडिसन म्हटले. जेम्स मॅडिसन म्हणजे अमेरिकेच्या मूळ घटनेचे प्रमुख शिल्पकार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. त्यांचे नाव तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बिंगहॅम यांचे नाव मात्र घटनाकायद्याच्या अभ्यासकांबाहेर फारसे कोणी घेत नाही.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी पेनसिल्व्हेनियातील मर्सर येथे झाला. आई लवकर गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि मुलगा कॅडिझला व्यापारी काकांकडे आला. काही काळ एका वृत्तपत्राच्या छापखान्यात त्यांनी उमेदवारी केली आणि मग ते न्यू ॲथेन्स येथील फ्रँकलिन कॉलेजात शिकायला गेले. हे कॉलेज लहान होते, पण गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनी चालवलेले होते. गुलामीत जन्मलेले टायटस बासफील्ड त्याच सुमारास तिथे शिकत होते आणि पुढे धर्मोपदेशक झाल्यावरही त्यांचा बिंगहॅम यांच्याशी पत्रव्यवहार राहिला. बिंगहॅम यांच्या पुढच्या भाषणांत माणसांच्या समानतेचा विषय पुस्तकी वाटत नाही, याचे कारण मला या वर्षांत दिसते. १८४० साली त्यांना वकिलीची सनद मिळाली, त्यानंतर काही वर्षे ते जिल्ह्याचे सरकारी वकील होते आणि १८५५ पासून प्रतिनिधिगृहात बसू लागले.

गुलामगिरीच्या विरोधात बोलणारे तेव्हा बरेच होते. बिंगहॅम यांचे वेगळेपण असे की, गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसाचे काय, हा प्रश्न ते उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील यादवी युद्धाच्या आधीपासून विचारत होते. १८५९ साली ओरेगॉनला राज्याचा दर्जा देण्याचा ठराव सभागृहापुढे आला. ओरेगॉनच्या घटनेत गुलामगिरीला बंदी होती, पण मुक्त कृष्णवर्णीयांनी राज्यात येऊन राहण्यालाही बंदी होती. गुलामगिरी नको एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना हे खपले. बिंगहॅम यांनी विरोध केला. देशाच्या एका नागरिकाला दुसऱ्या राज्यात पाऊल ठेवू न देणे घटनेत बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे कोणी ऐकले नाही आणि ओरेगॉन त्याच वर्षी राज्य झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यासाठी थोडा कायदा उलगडावा लागेल, त्याबद्दल ज्यांना तो रोजच शिकवावा लागतो त्यांनी क्षमा करावी. अमेरिकेच्या घटनेला १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या आणि नागरिकांच्या हक्कांची सनद तयार झाली. पण ती कोणाविरुद्ध लागू होती? १८३३ साली बॅरन विरुद्ध बाल्टिमोर या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी स्पष्ट सांगितले की, ही सनद फक्त केंद्र सरकारला बांधते, राज्यांना नाही. बाल्टिमोर शहराने केलेल्या कामांमुळे धक्क्याभोवतीचे पाणी गाळाने भरून ज्याचा धंदा बुडाला, तो धक्क्याचा मालक बॅरन रिकाम्या हाताने परतला. याचा अर्थ असा की, एखाद्या राज्याने लोकांची तोंडे बंद केली, कोणाची मालमत्ता हिरावली किंवा कोणाला खटल्याशिवाय डांबले, तरी त्या सनदेचा आधार घेता येत नव्हता. दक्षिणेकडील राज्यांनी गुलामगिरीवर टीका करणारी पत्रके दडपली, ती याच मोकळिकीत. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ आणि १८६६ साली त्याच राज्यांनी ‘काळे कायदे’ केले. मुक्त झालेल्या माणसाने मजुरीचा करार केला नाही तर तो भटक्या ठरे, आणि भटक्या म्हणून शिक्षा झाली की पुन्हा मळ्यावर राबवला जाई. तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली होती, तरी मळेवाल्याची सत्ता गेली नव्हती.

डिसेंबर १८६५ मध्ये काँग्रेसने युद्धात हरलेल्या दक्षिणेच्या पुनर्रचनेसाठी पंधरा जणांची संयुक्त समिती नेमली आणि तिच्यात बिंगहॅम होते. फेब्रुवारी १८६६ मध्ये त्यांनी पहिला मसुदा आणला. सर्व व्यक्तींना जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांबाबत समान संरक्षण मिळावे म्हणून कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला असावा, असे तो म्हणत होता. त्यावर त्यांच्याच पक्षातून आक्षेप आला. न्यूयॉर्कचे रॉबर्ट हेल म्हणाले की, असा अधिकार दिला तर काँग्रेस राज्यांच्या सगळ्या दिवाणी कायद्यांत हात घालेल. शिवाय हक्काची सगळी मदार काँग्रेसमधल्या बहुमतावर राहणार होती, आणि उद्या बहुमत फिरले तर काय, हा प्रश्न उरत होता. मसुदा पुढे ढकलला गेला.

पुढच्या दोन महिन्यांत बिंगहॅम यांनी जे केले ते कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावे असे आहे. ज्या निकालाने वाट अडवली होती तोच त्यांनी पुन्हा काढून वाचला. मार्शल यांनी त्यात म्हटले होते की, घटनाकारांना राज्यांवर बंधन घालायचे असते तेव्हा ते तसे उघड लिहितात, आणि मूळ घटनेच्या पहिल्या अनुच्छेदात ‘कोणतेही राज्य अमुक करणार नाही’ अशी रचना आहे. बिंगहॅम यांनी ती रचनाच उचलली. काँग्रेसला अधिकार देणारे वाक्य त्यांनी बाजूला ठेवले आणि राज्यांना मनाई करणारे लिहिले : कोणतेही राज्य नागरिकांचे विशेषाधिकार व उन्मुक्ती यांना कात्री लावणारा कायदा करणार नाही वा अमलात आणणार नाही, कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता ड्यू प्रोसेसखेरीज, म्हणजे योग्य कायदेशीर प्रक्रियेखेरीज, हिरावणार नाही आणि आपल्या अधिकारक्षेत्रातील कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. अंमलबजावणीचा अधिकार पाचव्या कलमात स्वतंत्रपणे आला. आपण नेमके असे का लिहिले, हे त्यांनी १८७१ साली सभागृहात सविस्तर सांगितले. त्यामुळे हा तर्क नंतरच्या अभ्यासकांनी त्यांच्या नावावर चिकटवला, असे म्हणता येत नाही. नागरिकत्वाची व्याख्या करणारे कलमाचे पहिले वाक्य मात्र त्यांचे नाही, ते सिनेटमध्ये जोडले गेले. १३ जून १८६६ रोजी काँग्रेसने दुरुस्ती संमत केली आणि ९ जुलै १८६८ रोजी पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली.

याच काळातली एक गोष्ट मला त्यांच्या स्वभावाची खूण वाटते. मार्च १८६६ मध्ये मुक्त झालेल्यांच्या बाजूचे नागरी हक्क विधेयक सभागृहात आले आणि बिंगहॅम यांनी त्याच्या विरोधात मत दिले. विधेयकाचा हेतू त्यांना मान्य होता. पण दुरुस्ती होण्यापूर्वी असा कायदा करण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच बाजूच्या लोकांचा रोष ओढवून घेणारा हा काटेकोरपणा होता, आणि तो सदैव दिसला असता तर त्यांचे चरित्र सोपे झाले असते.

तो आधीच्या वर्षी दिसला नव्हता. लिंकन यांच्या हत्येनंतर १८६५ च्या उन्हाळ्यात आठ आरोपींवर लष्करी आयोगापुढे खटला चालला. सरकारच्या बाजूने उभे असलेल्यांत बिंगहॅम प्रमुख होते. वॉशिंग्टनमध्ये नागरी न्यायालये उघडी असताना नागरिकांना लष्करी आयोगापुढे उभे करता येते, अशी बाजू त्यांनी हिरिरीने मांडली. ७ जुलै १८६५ रोजी चौघांना फाशी झाली आणि त्यांत मेरी सरॅट ही स्त्री होती. पुढच्याच वर्षी मिलिगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, न्यायालये चालू असतील तेथे नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही. म्हणजे ड्यू प्रोसेसची हमी घटनेत लिहिणाऱ्या माणसाने तिच्या आदल्याच वर्षी तिच्या नेमके उलट दिशेने वकिली केली होती. युद्धकाळाचे कारण देऊन मला हे झाकावेसे वाटत नाही. १८७१ साली व्हिक्टोरिया वुडहल यांनी चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी केली, तेव्हा ती फेटाळणारा समितीचा बहुमताचा अहवालही बिंगहॅम यांनीच लिहिला. रेल्वेच्या कंत्राटांतील क्रेडिट मोबिलिये गैरव्यवहारात शेअर घेणाऱ्या सदस्यांतही त्यांचे नाव होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८ च्या महाभियोगात समारोपाचे भाषण त्यांचे होते आणि जॉन्सन एका मताने वाचले.

१८७२ साली पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांना जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून पाठवले आणि १८७३ ते १८८५ अशी बारा वर्षे ते तिथे राहिले. पाश्चात्त्य सत्तांनी जपानवर लादलेल्या विषम तहांत दुरुस्ती व्हावी या बाजूचे ते होते आणि त्यावरून ब्रिटिश राजदूत हॅरी पार्क्स यांच्याशी त्यांचे खटके उडत. हा काळ स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे थांबतो. १९ मार्च १९०० रोजी कॅडिझ येथे त्यांचे निधन झाले.

मधल्या काळात त्यांच्या कलमाचे काय झाले, हे आपल्या वर्गासाठी त्यांच्या चरित्राइतकेच महत्त्वाचे आहे. एप्रिल १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकखान्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ‘विशेषाधिकार व उन्मुक्ती’ या शब्दांतला जीवच काढून घेतला. १८८३ साली, बिंगहॅम टोकियोत असताना, दुसरा घाव बसला. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने खाणावळी, नाटकगृहे आणि प्रवासाची साधने यांत वंशभेदाला मनाई केली होती. न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, खासगी माणसाला नाही, हे त्याचे कारण. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात राहिले. मार्शल यांच्या निकालातून उचललेल्या रचनेची हीच मर्यादा होती. ‘कोणतेही राज्य’ असे लिहिल्यामुळे राज्य अडकले, पण खाणावळवाला सुटला. १८९६ साली प्लेसी खटल्यात कृष्णवर्णीयांसाठीच्या रेल्वेच्या वेगळ्या डब्यांनाही मान्यता मिळाली आणि १९५४ साली शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरेपर्यंत समान संरक्षणाचे शब्द शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलाच्या फारसे उपयोगी पडले नाहीत.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध ओढूनताणून आणलेला नाही. बिंगहॅम काँग्रेसमधून बाहेर पडले त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. दुसरा दुवा अधिक थेट आहे. पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्य वर्गाच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात समान नागरिकत्वाच्या कलमाला आधार म्हणून चौदाव्या दुरुस्तीचा उल्लेख आहे. हक्कभंगाला शिक्षा सांगताना १८६६ आणि १८७५ चे अमेरिकन कायदे नोंदवलेले आहेत. यातला १८७५ चा कायदा अमेरिकेत केव्हाच रद्द झाला होता. तरी बाबासाहेबांना आधार म्हणून तोच हवा होता, कारण खासगी माणसाच्या हातून होणारा भेद पकडणारा कायदा तोच होता. महाडच्या तळ्यावर त्यांनी काय पाहिले होते, हे आपल्याला सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव कागदावर होता, महाड नगरपालिकेने तळे खुलेही केले होते, आणि तरी १९२७ साली पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला. मारणारे सरकार नव्हते, गावकरी होते.

मार्च १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत हक्कांचे जे कलम आहे, ते बिंगहॅम यांच्या वाक्यांवरच रचलेले आहे. विशेषाधिकार व उन्मुक्ती, ड्यू प्रोसेस, समान संरक्षण, सगळे त्याच क्रमाने येते. फरक एका ठिकाणी ठळक आहे. बिंगहॅम यांनी राज्याला ‘कायदा’ करण्यास किंवा अमलात आणण्यास मनाई केली होती. बाबासाहेबांनी ‘कायदा किंवा रूढी’ असे लिहिले. जातीचा अंमल कशावर चालतो हे ज्याने भोगले आहे, त्यालाच ही भर सुचू शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये कायद्याच्या व्याख्येत रूढी आणि परिपाठ आले, अनुच्छेद १२ मध्ये ‘राज्य’ या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणे आली, अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते आले, आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यतेचे आचरण करणाऱ्या खासगी माणसालाही पकडले. १८८३ साली अमेरिकेत जे निसटले, ते दिल्लीत लेखी बांधून घेतले गेले.

ड्यू प्रोसेसची गोष्ट मात्र उलट झाली. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि मसुद्यातून ते शब्द गेले. त्यांच्या जागी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. मसुदा समितीने त्यासाठी जपानच्या नव्या घटनेतील अनुच्छेद ३१ चा आधार दिला. बिंगहॅम यांचे शब्द नाकारताना त्यांनी बारा वर्षे काढलेल्या देशाचे शब्द घेतले गेले, हा निव्वळ योगायोग आहे, पण विद्यार्थ्यांच्या तो लक्षात राहील. या बदलामुळे अटक झालेल्या माणसाचे संरक्षण उणे झाले, हे ओळखून पुढे अटकेसंबंधीचे कलम बाबासाहेबांनी आणले आणि तेच आजचे अनुच्छेद २२ होय. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने कार्यपद्धती वाजवी आणि न्याय्य असली पाहिजे असे ठरवून नाकारलेल्या शब्दांचा बराचसा आशय मागच्या दाराने आत घेतला.

हे सर्व पाहिल्यावर ‘मूलभूत हक्क : अमेरिका’ ही तक्त्यातली ओळ किती अपुरी आहे, हे आपणास पटावे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी उसनवारीच्या आक्षेपाला उत्तर दिले होते की, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचेही पेटंट नसते. ते भाषण आपल्या कार्यक्रमांत वाचले जाते. त्याला जोडून कोणती कल्पना कोणाची होती, ती कुठे तोकडी पडली आणि इथे ती कशी दुरुस्त केली, एवढे सांगितले तर त्या उत्तराचे वजन कळेल.

म्हणून विनंती अशी. अनुच्छेद १४ शिकवण्याच्या आधी एका तासिकेत चार मजकूर शेजारी ठेवून वाचून घ्यावेत : बॅरन निकालातील मार्शल यांचा संबंधित परिच्छेद, चौदाव्या दुरुस्तीचे पहिले कलम, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मधील मूलभूत हक्कांचे कलम आणि अनुच्छेद १२ ते १७. चारही मिळून काही पानांचाच मजकूर होतो. बिंगहॅम यांची ओळख करून देताना मेरी सरॅट आणि व्हिक्टोरिया वुडहल यांना वगळू नये, कारण थोरवी गाणारे एक चरित्र वाढवण्यात आपल्याला काही रस नाही. संविधान दिनी सरनाम्याचे सामूहिक वाचन होते, ते जरूर व्हावे, पण त्यानंतरच्या एखाद्या व्याख्यानासाठी हा विषय वक्त्याला द्यावा. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘मूलभूत हक्क कोणत्या देशाच्या घटनेवरून घेतले?’ या प्रश्नाऐवजी कधीतरी असा प्रश्न विचारून पाहावा : ‘अमेरिकेतील १८८३ च्या नागरी हक्क निकालाचे कारण सांगून, तेच कारण भारतात अनुच्छेद १५(२) च्या बाबतीत का लागू पडत नाही, ते स्पष्ट करा.’

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
विधी शाखेचा एक माजी विद्यार्थी